उपकेंद्रातील रक्तदाब : पुराव्यावर आधारलेला नर्सिंग प्रकल्प कसा उभा राहतो

उच्च रक्तदाबाच्या उपचारात आज फारसे गूढ उरलेले नाही. त्यावरची औषधे जुनी, स्वस्त आणि पारखलेली आहेत, सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत दिली जातात आणि रक्तदाब मोजायला एक यंत्र व एक खुर्ची पुरते. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब एकतर वाढलेला आढळला किंवा त्यासाठी त्यांना औषध घ्यावे लागत होते. काय करायचे हे माहीत असूनही ते माणसापर्यंत पोहोचत नाही, आणि नेमक्या याच अंतरात पुराव्यावर आधारलेल्या नर्सिंग प्रकल्पाचे काम सुरू होते. हे नाव ऐकायला जड आहे. प्रत्यक्षात तो प्रकल्प काय असतो आणि तो खरा की कागदी हे कसे ओळखावे, ते रक्तदाबाच्याच उदाहरणाने पाहू.

प्रथम एक भेद स्पष्ट करायला हवा. संशोधनात नवे ज्ञान शोधले जाते. एखादे औषध उपयोगी आहे की नाही, हे तिथे ठरते. प्रकल्पात हा प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो. जे इतरत्र सिद्ध झाले आहे ते आपल्या उपकेंद्रात, आपल्या मनुष्यबळात आणि आपल्या रुग्णांबाबत कसे घडवून आणता येईल, एवढाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर शोधताना तीन गोष्टींची सांगड घालावी लागते : उपलब्ध संशोधनातील सर्वोत्तम पुरावा, काम करणाऱ्या सेविकेचा अनुभव, आणि रुग्णाची परिस्थिती व इच्छा. तिसरी गोष्ट बहुतेक अहवालांत शिष्टाचारापुरती येते, परंतु प्रकल्प फसतो तो बहुधा तिथेच.

पुरावा काय सांगतो, ते थोडक्यात असे. अमेरिकेत १९७०च्या दशकात १०,९४० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातील निम्म्यांना नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. उरलेल्यांना ठरावीक टप्प्यांनी औषध वाढवत नेणारी, मोफत आणि सतत पाठपुरावा करणारी सेवा देण्यात आली. पाच वर्षांनंतर दुसऱ्या गटातील मृत्यू १७ टक्क्यांनी कमी भरले. औषधे दोन्हीकडे उपलब्ध होती. फरक प्रामुख्याने सेवेच्या रचनेत होता. अलीकडे बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ग्रामीण भागांत २,६४५ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तिथे सरकारी आरोग्य कार्यकर्त्यांनी घरी जाऊन रक्तदाब मोजला, सल्ला दिला आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवले. दोन वर्षांत या गटातील रक्तदाबाचा वरचा आकडा (जसे १४०/९०मधील १४०) तुलनेच्या गटापेक्षा सरासरी ५.२ मिलिमीटरने (पाऱ्याच्या मापात) अधिक उतरला. पाच मिलिमीटर ही किरकोळ बाब वाटेल, पण वरच्या आकड्यात एवढी घट टिकली तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. शेजारच्या देशांतील खेड्यांत आशाताईंसारख्याच कार्यकर्त्यांनी हे साधले, ही गोष्ट आपल्याकडील सेविकेला अमेरिकेतील चाचणीपेक्षा जवळची वाटावी.

भारतात हाच विचार घेऊन नोव्हेंबर २०१७मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. त्याची सूत्रे साधी होती : औषधांचा एकच ठरलेला क्रम, अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रात गोळ्या, परिचारिकांसह संपूर्ण चमूने वाटून घेतलेले काम, आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसंस्था कार्यदलाचा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राथमिक आरोग्य सेवेवरील विशेष कार्यक्रमाचा पुरस्कार मिळाला. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वा उपकेंद्रातील सेविकेने प्रकल्प करायचा म्हटले, तर तिला पुरावा शोधायला फार दूर जावे लागत नाही.

प्रश्न नीट बांधणे

'आमच्या गावातील लोकांमध्ये रक्तदाबाविषयी जागृती करणे' हे उद्दिष्ट ऐकायला चांगले आहे, परंतु ते पूर्ण झाले की नाही हे कोणीच सांगू शकणार नाही. पुराव्यावर आधारलेल्या प्रकल्पाचा प्रश्न कोणत्या रुग्णांसाठी, नेमके काय बदलणार, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम मोजणार आणि किती काळात, एवढ्या गोष्टी सांगतो. उदाहरणार्थ : उपकेंद्रात नोंद असलेल्या तीस वर्षांवरील रक्तदाबाच्या रुग्णांना एका वेळी महिनाभराच्या गोळ्या दिल्या आणि तारीख चुकलेल्यांशी आठवड्याच्या आत संपर्क साधला, तर सध्याच्या पद्धतीच्या तुलनेत सहा महिन्यांत १४०/९०च्या खाली रक्तदाब असलेल्यांचे प्रमाण वाढते का? वाक्य लांब आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द पुढे मोजमापाच्या वेळी कामाला येतो.

आपल्याकडील अनेक नर्सिंग महाविद्यालयांत केले जाणारे प्रकल्प याबाबतीत तोकडे पडतात, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. रुग्णांना प्रश्नावली द्यायची, माहितीपत्रक वाचून दाखवायचे, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची आणि गुण वाढले की शिक्षण परिणामकारक ठरले असा निष्कर्ष काढायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. नुकतेच सांगितलेले माणसाला आठवडाभर लक्षात राहते, एवढेच त्यातून सिद्ध होते. मीठ कमी खावे हे ज्याला तोंडपाठ आहे त्याचा रक्तदाब उतरला का आणि तो गोळी रोज घेतो का, हे प्रश्न तसेच राहतात.

आधी मोजमाप सुधारावे

कोणताही बदल करण्यापूर्वी आजची स्थिती मोजावी लागते, आणि रक्तदाबाबाबत पहिली अडचण इथेच येते, कारण मोजण्याची पद्धतच अनेक ठिकाणी सदोष असते. रुग्ण उन्हातून चालत येतो, रांगेतून सरळ टेबलापाशी बसतो, पट्टा सदऱ्याच्या बाहीवरून गुंडाळला जातो, हात लटकत असतो आणि तेवढ्यात सिस्टर विचारतात, "काका, गोळ्या घेताय ना?" यातील प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवल्यास वरचा आकडा सरासरी ३.९ मिलिमीटरने आणि बाजूला लटकत ठेवल्यास ६.५ मिलिमीटरने जास्त आला. तिथल्याच आदल्या वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांना सर्वात मोठ्या पट्ट्याची गरज होती त्यांचा रक्तदाब नेहमीच्या पट्ट्याने मोजल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ मिलिमीटरने फुगला. म्हणजे केवळ पट्टा लहान पडल्यामुळे एखाद्याच्या माथी रक्तदाबाचा शिक्का बसू शकतो. योग्य पद्धत सर्वांना शिकवलेली असते : पाच मिनिटे शांत बसणे, पाठ व हात टेकलेले, पाय जमिनीवर आणि एकमेकांवर न टाकलेले, लघवी तुंबलेली नको, आदल्या अर्ध्या तासात चहा वा तंबाखू नको, मोजताना बोलणे नको, आणि मिनिटभराच्या अंतराने किमान दोन वेळा मोजून सरासरी. अडचण ज्ञानाची नसून ओपीडीतील गर्दीची आहे. त्यामुळे पहिला बदल बहुधा प्रशिक्षणाचा नसतो, तो बैठकीचा असतो. रांगेत उभे राहण्याऐवजी पाठ टेकता येईल अशा चार-पाच खुर्च्या मांडल्या आणि रुग्ण क्रमाने पुढे सरकू लागले, की पाच मिनिटांची विश्रांती वाट पाहण्यातच होऊन जाते.

मोजमाप खरे आहे का, हे तपासण्याची एक युक्ती जुन्या रजिस्टरातच दडलेली असते. पाऱ्याच्या यंत्रावर दर दोन मिलिमीटरला रेघ असते, म्हणून प्रामाणिक नोंदींत शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असायला हवा आणि प्रत्येक अंक साधारण २० टक्के वेळा यायला हवा. डिजिटल यंत्रात दहाही अंक येतात, म्हणजे प्रत्येकाचा वाटा साधारण १० टक्के. मागच्या महिन्यातील शंभर नोंदींपैकी सत्तर-ऐंशी नोंदी शून्यावर संपत असतील, सगळीकडे १३०/८० आणि १४०/९० दिसत असेल, तर ते आकडे मोजण्याऐवजी अंदाजाने लिहिले गेले आहेत. अशा रजिस्टरावर उभारलेला प्रकल्प कितीही सुबक असला तरी त्याच्या निष्कर्षाला आधार नसतो.

न आलेल्यांची मोजदाद

आता या लेखातील सर्वात महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. समजा, एका उपकेंद्रात रक्तदाबाच्या २०० रुग्णांची नोंद आहे. एका तिमाहीत त्यांपैकी १२० जण तपासणीला आले आणि ७८ जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली होता. नियंत्रणाचे प्रमाण किती? आलेल्यांपैकी काढले तर ६५ टक्के, नोंद असलेल्या सर्वांपैकी काढले तर ३९ टक्के. अहवालात पहिला आकडा लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु न आलेले ८० जण कुठे आहेत, गोळ्या घेत आहेत की नाहीत, हे आपल्याला ठाऊक नाही. आणि ज्यांनी औषध सोडले आहे ते केंद्रात न येण्याचीच शक्यता अधिक.

पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. सेविका आणि आशाताई मिळून गैरहजर रुग्णांचा शोध घेतात, फोन करतात, घरी जातात, आणि पुढच्या तिमाहीत १६० जण येतात. त्यांत महिनोन्महिने गोळी न घेतलेले अनेक असल्याने नियंत्रणात असलेले ८८ भरतात. आलेल्यांपैकी हिशेब केला तर प्रमाण ६५ वरून ५५ टक्क्यांवर घसरले. सर्व नोंदींवर केला तर ते ३९ वरून ४४ टक्क्यांवर चढले. काम सुधारले असताना चुकीच्या छेदामुळे ते बिघडल्यासारखे दिसते, आणि वरिष्ठांच्या बैठकीत त्या सेविकेला जाब विचारला जातो. याउलट जिने गैरहजर माणसांकडे ढुंकूनही पाहिले नाही, तिचे आकडे चकचकीत राहतात. म्हणूनच भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात त्या तिमाहीत न आलेल्या रुग्णाची गणना नियंत्रणात नसलेल्यांत होते. हा नियम कठोर वाटतो, पण सेविकेचे लक्ष योग्य माणसाकडे वळवण्याची ताकद त्यात आहे. नर्सिंग प्रकल्पाचा कोणताही अहवाल हाती आला, तर त्यातील टक्केवारीआधी तिचा छेद वाचावा, असे माझे मत आहे.

माणसे का येत नाहीत, याची कारणे विचारल्याशिवाय कळत नाहीत, आणि विचारण्याची रीतही महत्त्वाची. "गोळ्या का बंद केल्या?" असे दरडावून विचारले तर आजी "घेते की रोज" असेच सांगणार. "गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?" असे सहजपणे विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. कारणे बहुतेक वेळा साधी असतात. काही त्रास होत नाही, मग औषध कशाला. एकदा गोळी सुरू झाली की तिची सवय लागते, ही भीती. आठ-दहा दिवसांच्याच गोळ्या मिळतात आणि तेवढ्यासाठी मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून यायचे. गेल्या खेपेला गोळ्या संपलेल्या होत्या. सोयाबीनची काढणी सुरू आहे. ॲम्लोडिपिन या नेहमीच्या गोळीने काही जणांचे पाय सुजतात. रुग्ण त्याबद्दल काही न बोलता गोळी सोडून देतो आणि केंद्रातील नोंदीत मात्र तो 'सहकार्य न करणारा' ठरतो. सेविकेने पायांची सूज स्वतःहून विचारली तर ती डॉक्टरांना कळवता येते आणि औषध बदलता येते. तसेच टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी गरोदरपणात चालत नाही, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला प्रत्येक भेटीत पाळीबद्दल विचारणे हा पाठपुराव्याचाच भाग आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून वेगळा आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास निघालेली माणसे वसंतातच परततात, त्यामुळे 'दर महिन्याला केंद्रात या' हा सल्ला त्यांच्यासाठी निरर्थक ठरतो. अशा गावातील प्रकल्पात निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या, सोबत उपचारपत्रक आणि ज्या कारखान्याच्या परिसरात जायचे तिथल्या आरोग्य केंद्राची माहिती देणे, हा बदल तपासून पाहण्याजोगा आहे. पुराव्याबरोबर रुग्णाच्या परिस्थितीचीही सांगड घालावी लागते असे वर म्हटले, त्याचा अर्थ हा आहे. कधीकधी पुरावाच रुग्णाला मोकळीक देतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर बराच वाद होता. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयविकार व पक्षाघाताच्या बाबतीत दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. त्यामुळे शेतावर जाण्यापूर्वी भाकरीबरोबर की रात्रीच्या जेवणानंतर, हे सेविकेने ठरवण्याची गरज नाही. ज्या वेळेला विसर पडत नाही, ती वेळ योग्य.

छोटे प्रयोग आणि फसवे यश

ठरवलेला बदल एकदम सर्व गावांत लागू करू नये. तो आधी एका वाडीत, एका आशाताईंसोबत, दोन आठवडे करून पाहावा; काय घडले ते लिहावे; जिथे अडले ते दुरुस्त करावे आणि मग व्याप्ती वाढवावी. आखणी, अंमल, तपासणी आणि सुधारणा असे हे चक्र अनेकदा फिरवावे लागते. उदाहरणार्थ, फोनवर आठवण करून देण्याचे ठरले, परंतु नोंदवलेले निम्मे क्रमांक मुलाचे निघाले आणि मुलगा पुण्यात कामाला आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळते. मग फोनऐवजी आशाताईंच्या गृहभेटीच्या दिवसाशी पाठपुरावा जोडता येतो. हे शहाणपण कोणत्याही संशोधन लेखात सापडणार नाही.

यश दिसू लागले की दोन सापळ्यांपासून सावध राहावे लागते. पहिला असा की रक्तदाब मुळातच वरखाली होत असतो. ज्यांचा आकडा त्या दिवशी फार चढलेला होता अशांनाच निवडून महिन्याने पुन्हा मोजले, तर काहीही न करता सरासरी उतरलेली दिसते. म्हणून एकदाच आधी आणि एकदाच नंतर मोजून निष्कर्ष काढण्यापेक्षा दर महिन्याचा आकडा आलेखावर मांडत जावे आणि शक्य असल्यास बदल न केलेल्या शेजारच्या उपकेंद्राशी ताडून पाहावे. दुसरा सापळा ऋतूंचा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. उन्हाळ्यात तो उतरतो. जानेवारीत सुरू होऊन मे महिन्यात संपणारा प्रकल्प विदर्भाच्या उन्हामुळेच यशस्वी ठरू शकतो. शैक्षणिक वर्षाच्या सोयीने आखलेल्या प्रकल्पांबाबत हा धोका खराच आहे, आणि त्याचा उल्लेख क्वचितच केला जातो.

याशिवाय, एक बाजू सुधारताना दुसरी बिघडत नाही ना, हेही मोजावे लागते. प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब दोनदा मोजल्याने ओपीडी तासभर लांबत असेल, किंवा पाठपुराव्याच्या धावपळीत लसीकरणाचा दिवस मागे पडत असेल, तर तो हिशेबही अहवालात यायला हवा. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथल्या सेविकेकडे माता-बाल आरोग्यापासून साथरोगांपर्यंतची कामे आधीच असतात. काम वाटून घेण्याची सोय नसेल तर प्रकल्प तिच्या सुट्टीच्या दिवसांवर चालतो आणि लवकरच थांबतो. समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या उपकेंद्रांत रक्तदाब मोजणे, गोळ्या देणे आणि गैरहजर रुग्णांचा शोध ही कामे अधिकारी, सेविका आणि आशाताई अशा तिघांत वाटता येतात. औषधाचा डोस वाढवण्याचा किंवा औषध बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. त्यासाठी रुग्णाला तालुक्याला पाठवण्यापूर्वी ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेद्वारे डॉक्टरांचा दूरसल्ला घेता येतो का, हे पाहिल्यास पुष्कळ फेऱ्या वाचतात.

अशा प्रकल्पांचा शेवट बहुतेक वेळा बदलीच्या आदेशाने होतो. ज्या सेविकेने सर्व रुग्णांची नावे तोंडपाठ केली तीच निघून गेली की सहा महिन्यांत उपस्थिती पूर्वपदावर येते. त्यावर उपाय म्हणजे माहिती माणसात न ठेवता व्यवस्थेत ठेवणे : उपचारपत्रके पुढील भेटीच्या महिन्यानुसार लावून ठेवणे, महिना संपल्यावर त्या कप्प्यात उरलेली पत्रके हीच गैरहजरांची यादी मानणे, आणि प्रत्येक नावापुढे कारणाचा एक रकाना ठेवणे. नव्याने रुजू झालेल्या सेविकेला टक्केवारीच्या आलेखापेक्षा गावनिहाय लावलेली ही यादी अधिक उपयोगी पडते, कारण पहिल्या आठवड्यातच कोणत्या वाडीवर जायचे आणि तिथे कोणाला पायांच्या सुजेबद्दल विचारायचे, हे तिला त्यातून ठरवता येते.